एका खाटेला तीन डबे

माझ्या सुनेचं पोळी-भाजी केंद्र आहे, डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. शेजारी-शेजारी दोन गाळे. पहिला जुना, दुसरा कल्याणच्या एका इस्पितळाच्या भरवशावर घेतलेला. तिथल्या पेशंटांचं दुपारचं जेवण आमच्याकडून जातं: कुणाला बिनमिठाचं, कुणाला मऊ भात, कुणाला नुसती पेज. हे काम गेलं तर दुसरा गाळा सोडावा लागणार आणि त्यात पोळ्या लाटणाऱ्या बायकांना घरी बसवावं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि काम अगदी जायला टेकलं होतं. चवीमुळे गेलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. ते जात होतं पडद्यावर गोल गोल फिरणाऱ्या एका चक्रामुळे.

ते चक्र होतं माझ्या नातीच्या ॲपमधलं. नात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आईचं काम आहे म्हणून तिनं हौसेनं ॲप लिहून दिलं होतं. वॉर्डातल्या सिस्टरनं टॅबवर खाट निवडायची, जेवण निवडायचं, ‘पाठवा’ दाबायचं. ती ऑर्डर इंटरनेटवरून कुठल्याशा लांबच्या सर्व्हरवर जाणार, आणि तिथून आमच्या केंद्रातल्या टॅबवर ‘टिंग’ होणार. बहुतेक वेळा व्हायचंही. पण तळमजल्यावरचा वॉर्ड एक्स-रेच्या खोलीमागे आहे, आणि तिथलं वायफाय लहर लागेल तसं येतं. मग सिस्टरनं ‘पाठवा’ दाबलं की चक्र फिरायला लागायचं आणि फिरतच राहायचं. ती बिचारी समजायची की जातंय. टॅब पालथा ठेवून इंजेक्शन द्यायला जायची. परत येऊन बघते तर चक्र फिरतंच आहे, आणि खिडकीजवळच्या आजोबांना पेज आलेलीच नाही. असं पहिल्यांदा झालं तेव्हा मेट्रनबाईंनी समजून घेतलं. परत झालं तेव्हा त्या आजोबांच्या मुलीनं बापाला बिस्किटं भिजवून भरवली आणि मग ती जाऊन मेट्रनबाईंच्या टेबलासमोर उभी राहिली.

सून कल्याणहून परत आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

“आई, मेट्रन म्हणाल्या, सोमवारी स्वतः वॉर्डात उभी राहून बघते. तेव्हाही असंच झालं तर दुसऱ्या कुणाला तरी सांगते.”

“रागावल्या का गं फार?”

“रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हसून बोलल्या.”

मी नातीला हाक मारली. “आण तो लॅपटॉप इकडे.”

“आजी, तुला नाही कळणार. नवीन लायब्ररी आहे ही.”

“लायब्ररी नवीन असेल. वाट बघणं जुनंच आहे. आण.”

इथे सांगायला हवं की मी निवृत्त प्रोग्रॅमर आहे. हे सांगितलं की लोक आधी माझ्या अंबाड्याकडे बघतात आणि मग विषय बदलतात. आणि लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड, तो आपण आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरतो. इडलीचं तयार पीठ आणतो ना, तसं. आंबवायची कटकट नाही. पण पिशवीवर काय छापलंय ते वाचायचं असतं, आणि ते कुणी वाचत नाही.

नातीनं कोड उघडला. मी चष्मा पुसून वाचला. सर्व्हरला हाक मारायची ओळ सापडली.

“इथे किती वेळ थांबायचं ते कुठे लिहिलंयस?”

“ते लायब्ररी बघते गं. काहीतरी डीफॉल्ट असेलच ना.”

“काहीतरी म्हणजे काय?”

तिनं लायब्ररीची माहिती उघडली, वर-खाली केली, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरला. “काहीच नाहीये. आपण सांगितलं नाही तर... थांबतच राहते. कायमची.”

मला हसू फुटलं. नात चिडली. “यात हसण्यासारखं काय आहे? आईचं काम जातंय!”

“तुला नाही हसत गं. दुसरीच एक बाई आठवली.”

ती बाई म्हणजे मी. ठाण्यात एका कंपनीत नोकरीला होते तेव्हाची. दोन वेण्या सोडून नुकताच बॉबकट केला होता आणि त्या बॉबकटानं डोक्यातली अक्कल वाढते असा माझा समज होता. कामाला लागले तेव्हा आमच्या ठाण्याच्या गोदामातला मालाचा हिशेब रोज कल्याणच्या ऑफिसात मोडेमनं पाठवायचा प्रोग्रॅम माझ्याकडे आला. मोडेम म्हणजे फोनच्या तारेवरून किर्र-खर्र आवाज काढत माहिती पाठवणारा डबा. तिकडून ‘मिळालं’ असं उत्तर आलं की फोन ठेवायचा. बरोबर काम करणाऱ्या एकानं विचारलं, “आणि उत्तर नाही आलं तर?” बाईसाहेब मान उडवून म्हणाल्या, “येईल की! माझा प्रोग्रॅम हार मानत नाही.”

नाहीच मानली हार. एका शनिवारी कुणीतरी रस्ता खणताना कल्याणकडची केबल तोडली. माझा प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत बसला. ऑफिसला फोनची लाइन एकच, ती त्यानं कवटाळलेली. सोमवारी सकाळी मालक कल्याणहून घामाघूम होऊन ठाण्याला आले, कारण फोन सतत एंगेज. मी मोठ्या अभिमानानं पडदा दाखवला. “सर, बघा, अजून प्रयत्न करतोय!”

मालकांनी वाकून पडदा बघितला. मग म्हणाले, “बाई, हा प्रयत्न करत नाहीये. हा नुसता बसलाय.”

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. चिकाटीची कदर नाही या माणसाला, असं मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, “असेल गं, पण फोन का ठेवला नाहीस?” प्रोग्रॅमिंगमध्ये ओ की ठो न कळणाऱ्या बाईनं नेमकं हेच विचारावं याचाही मला राग आला.

नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती थोडी सैल झाली. तिनं लगेच कोड बदलला. उत्तर झटपट आलं नाही तर वाट बघणं सोडायचं आणि लगेच पुन्हा पाठवायचं. तरी नाही आलं तर अजून एकदा. “झालं!” म्हणाली. मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू. दुपारची झोप आली होती.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या आजोबांच्या खाटेवर पेजेचे तीन डबे गेले.

सून फोन ठेवून आमच्यासमोर उभी राहिली. हाताला कणीक. “आधी एकसुद्धा नाही, आता तीन! त्यांच्या घरी मुंज आहे का? आणि दोन डबे वाया गेले ते गेलेच, पण शेजारच्या खाटेचा मऊ भात त्या गडबडीत राहिला. मेट्रन म्हणाल्या, तुमचं नक्की काय चाललंय?”

नात रडवेली झाली. “पण आई, उत्तर आलं नव्हतं ना! म्हणून परत पाठवलं.”

“अगं, पण ऑर्डर तर पोचली होती! तिन्ही वेळा टिंग झालं इथे!”

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. माझी झोप उडाली होती. इतक्या वर्षांनीही नवशिकी चूक माझ्या डोळ्यांखालून गेली याची मला चांगलीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला जोर चढतो. सुनेला म्हटलं, “तू पोळ्या बघ. सोमवारपर्यंत हे आम्ही दोघी नीट करणार.” नातीला म्हटलं, “तोंड धू आणि बस. आता मुळापासून.”

मुळाशी एकच गोष्ट होती. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं नव्हे. ऑर्डर जाताना वाटेत हरवली असेल. किंवा पोचली असेल आणि परत येताना ‘मिळाली’ हे उत्तर हरवलं असेल. टॅबच्या जागी उभं राहिलं तर दोन्ही अगदी सारखंच दिसतं: शांतता. नातीच्या पहिल्या कोडनं त्या शांततेचा अर्थ लावला ‘येतंय’, दुसऱ्यानं लावला ‘गेलंच नाही’. खरा अर्थ एवढाच की माहीत नाही.

“मग माहीत नसताना करायचं काय?” नातीनं विचारलं.

“आधी वाट किती बघायची ते ठरवू. आणि कशाची वाट, तेही. पीपी फोन ठाऊक आहे तुला?”

तिला कुठून ठाऊक असणार. लग्न होऊन मी डोंबिवलीत आले तेव्हा आमच्या चाळीत फोन एकीकडेच, टोकाच्या खोलीतल्या काकूंकडे. तोच नंबर सगळी चाळ आपला म्हणून द्यायची. माझे हे आंबिवलीच्या कारखान्यात होते. ते फोन करायचे. घंटी वाजली, काकूंनी उचलला, हा झाला पहिला टप्पा. काकू घरात असतील तर चटकन उचलतील. नसतील तर कितीही वाजवा, उपयोग नाही. तिथे फार थांबण्यात अर्थ नसतो. पण उचलल्यावर दुसरा टप्पा. काकू रिसीव्हर बाजूला ठेवणार, गॅलरीतून चालत येणार, “अगं, फोन आहे तुझ्या यांचा!” असं साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं सांगणार. आणि मग मी.

मी काय करायचे सांगू? केस विंचरायचे. पावडर लावायचे. फोनवर बोलायला! एकदा तर साडीसुद्धा बदलली. नटूनथटून पोचेपर्यंत यांनी कंटाळून फोन ठेवलेला असायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन विचारायचे, “दुपारी कुठे गेली होतीस?” आता त्या माणसाचं काय चुकलं? त्यांनी दोन्ही टप्प्यांना एकच मोजमाप लावलं होतं एवढंच. आणि पलीकडे इतकी गाढव बायको असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“म्हणजे जोडणी व्हायला वेगळा वेळ आणि उत्तर यायला वेगळा,” नात म्हणाली. तिनं लायब्ररीची माहिती पुन्हा उघडली. “आहे गं! दोन वेगळे आकडे देता येतात. मी दोन्हीला मिळून एकच टाकला होता, आणि तोही एवढासा.”

“जोडणीचा छोटा ठेव. उत्तराचा मोठा, पण बेतशीर. सर्व्हरलाही पावडर लावायला वेळ लागतो. खास करून सगळे वॉर्ड एकदम ऑर्डर टाकतात तेव्हा.”

मग पुन्हा पाठवण्याचा प्रश्न. नातीच्या कोडमध्ये पहिली हाक वाया गेली की त्याच क्षणी दुसरी, लगेच तिसरी. मी म्हटलं, “अगं, डोंबिवलीत राहतेस ना? दुपारी दीड वाजता कुणाचं दार वाजवून बघ. पहिल्या टकटकीला आत माणूस कूस बदलतो. त्याला उठायला वेळ देशील की लाथा घालशील? आणि साऱ्या मजल्यानं एकदम दार बडवलं तर तो काय उघडणार, आतून कडी घालेल.” म्हणून प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त थांबायचं, आणि प्रत्येक टॅबनं थोडं मागेपुढे, म्हणजे सगळे एकाच ठोक्याला परत धडकणार नाहीत. नातीला हे सगळं कॉलेजात शिकवलेलं होतं म्हणे. परीक्षेत लिहिलंही होतं. आमचंही असंच होतं. जे परीक्षेत येतं ते आयुष्यात विचारलं जाईल असं वाटतच नाही.

पण तीन डब्यांचं काय? नीट थांबून पुन्हा पाठवलं तरी पहिली पोचलेली असेल तर दुसरीही पोचणारच. नात नखं खात बसली होती. स्वयंपाकघरातून सुनेनं हाक मारली, “आई, ही खिरीची वाटी आपली की खालच्या वहिनींची?”

“मागे बघ, नाव असेल!”

असंच आपण बोलतो. आमच्याकडे लग्नात आलेली प्रत्येक वाटी, प्रत्येक पातेलं नाव घालून घेतात. कितीदा का शेजारी जाईना आणि परत येईना, वाटी तीच. पुन्हा आली म्हणून कुणी ती नवीन वाटी म्हणून मोजत नाही. मी नातीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे.

“प्रत्येक ऑर्डरवर नाव घालायचं!” ती ओरडली. “सर्व्हरनं बघायचं, या नावाची ऑर्डर आधी आलीय का. आली असेल तर नवा डबा नाही, फक्त ‘मिळाली होती’ म्हणून कळवायचं.”

तिनं भराभर लिहून काढलं. आम्ही करून पाहिलं. आले की टॅबवर पुन्हा तीन डबे! सुनेनं आतून विचारलं, “काय झालं?” आम्ही दोघी एकदम म्हणालो, “काही नाही!”

मी कोड ओळीओळीनं वाचला. पोरीनं नाव घालायची ओळ पाठवायच्या फेरीच्या आत ठेवली होती. म्हणजे दर वेळी पाठवताना नवं नाव.

“वाटी शेजारी जाताना दर खेपेला तिच्यावर नवीन नाव कोरशील तर ती ओळखायची कशी?”

“ओह!” तिनं कपाळावर हात मारला. सिस्टरनं ‘पाठवा’ दाबलं की एकदाच नाव पडायला हवं, मग पाठवायला कितीही खेपा होवोत. ती ओळ उचलून फेरीच्या बाहेर ठेवली. एकच डबा आला.

आता राहिलं होतं ते सिस्टरला काय दाखवायचं. नातीनं लिहिलं होतं, ‘ऑर्डर अयशस्वी.’ मी ते खोडायला लावलं. “अयशस्वी झाली हे तुला कुणी सांगितलं?” बरीच हुज्जत झाली. तिचं म्हणणं, लोकांना हो किंवा नाही एवढंच कळतं. माझं म्हणणं, भुकेल्या माणसाच्या खाटेशी उभ्या असलेल्या बाईला खरं सांगितलेलं कळतं. शेवटी ठरलं: आधी ‘उत्तर आलेलं नाही, पुन्हा विचारत आहोत.’ आणि ठरलेली वेळ टळली की चक्र बंद, लाल पट्टी: ‘ऑर्डर पोचली की नाही हे समजलेलं नाही. केंद्राला फोन करा.’ खाली केंद्राचा नंबर. कारण यंत्रानं कितीही खेपा घातल्या तरी जेवणाची वेळ टळून गेल्यावर यशस्वी होण्यात काय मतलब?

रविवारी आम्ही त्या ॲपचे हाल केले. मी अगदी मन लावून केले. नात ‘पाठवा’ दाबायची आणि मी राउटरचं बटण बंद करायचे, कधी लगेच, कधी जरा थांबून. टॅब तांदळाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवून झाकण लावलं. आत नेटवर्क पार जातं. एकदा टॅब घेऊन मी लिफ्टमध्ये शिरले आणि वर-खाली करत राहिले. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, “काकू, कुठे जायचंय?” मी म्हटलं, “कुठेच नाही, उत्तराची वाट बघतेय.” ते पुढच्या मजल्यावर उतरले. जिन्यानं गेले असावेत.

सोमवारी नात आणि मी कल्याणला गेलो. सून केंद्रातच थांबली. पोळ्या सोडून ती येऊ शकत नव्हती आणि तिला यायचंही नव्हतं. मेट्रनबाई वॉर्डात हाताची घडी घालून उभ्या होत्या. सिस्टरनं खिडकीजवळच्या आजोबांची खाट निवडली, बिनमिठाची पेज निवडली, आणि ‘पाठवा’ दाबून ती टॅब घेऊन मुद्दाम चालत एक्स-रेच्या भिंतीकडे गेली. हुशार बाई. आमच्या कोठीचं काम तिनं भिंतीकडून करून घेतलं.

पडद्यावर आलं, ‘उत्तर आलेलं नाही, पुन्हा विचारत आहोत.’

मेट्रनबाईंनी नातीकडे बघितलं. नातीनं माझा हात धरला. मी म्हटलं, “थांबा जरा.” ॲपनं थांबून पुन्हा विचारलं, आणखी जास्त थांबून पुन्हा विचारलं. मग चक्र बंद झालं आणि लाल पट्टी आली.

“म्हणजे गेली नाही,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“म्हणजे माहीत नाही,” नात म्हणाली. “सिस्टर, त्या नंबरवर फोन करा ना.”

सिस्टर भिंतीपासून दूर आली, तिनं स्वतःच्या फोनवरून केंद्राचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. मागे लाटण्यांचा आवाज, मग सुनेचा. “हो, पेज ना? पहिल्याच खेपेला आली होती. भरली पण.”

“किती डबे?” मेट्रनबाईंनी वाकून विचारलं.

पलीकडे डबे सरकवल्याचा आवाज आला.

“एक,” सून म्हणाली. “एकच आहे.”

मेट्रनबाई तरीही जेवणाचा टेम्पो येईपर्यंत तिथेच थांबल्या. डबे आले, त्यांनी स्वतः खाटेखाटेशी जाऊन बघितलं. आजोबांना एक पेज. शेजारच्या खाटेला मऊ भात. आजोबांच्या मुलीनं झाकण उघडून बापाला पहिला चमचा दिला आणि आजोबा म्हणाले, “मीठ नाही यात.” सिस्टर म्हणाली, “नाहीच आहे, आजोबा. गप खा.”

मेट्रनबाई आमच्याकडे वळल्या. “तुमच्या सुनेला सांगा, चालू ठेवायचं.” मग नातीला विचारलं, “वरच्या मजल्यावर बाळंतिणींचा वॉर्ड आहे, तिथे तर वायफाय याहून वाईट. जमेल?”

नात माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे बघितलंच नाही, खिडकीतून बाहेर बघत राहिले. उत्तर तिचं तिनं द्यायला हवं होतं.

“आधी तिथे टॅब नेऊन बघते,” ती म्हणाली. “मग सांगते. आजच सांगते.”

आणि ती जिना चढायला लागली. गुडघे कुरकुरत होते, तरी मी तिच्या मागोमाग निघाले. राउटर कुणीतरी बंद करायला हवा होता.